लोकप्रतिनिधींस माहिती कोण देणार?

एखाद्या पेढीवर मुनीमाचा हिशोब तपासावयाचा झाल्यास मालक काय करतो? मुनीमानेंच करून दिलेल्या बेरजा वाचून तो मान डोलावितो काय? जो असें करील त्याची पेढी फार दिवस चालणार नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु राज्यकारभाराच्या पेढीवर मात्र हाच प्रकार राजरोस चालतो व त्याचें कोणास फारसें वाटत नाहीं. सरकार बिल आणतें, त्याचीं कारणें सरकारच सांगतें, त्याच्या पुष्ट्यर्थ आंकडेही सरकारचींच खातीं पुरवितात; आणि ज्या लोकप्रतिनिधींनीं तें बिल पारखून घ्यावयाचें, त्यांच्या हातीं त्या कागदांखेरीज दुसरें साधन बहुधा नसतें. सभागृहांतील भाषणांची चर्चा गांवोगांव होते. पण त्या भाषणांस आधार पुरविणारें जें कायदेमंडळाचें दप्तर, त्यांतील ग्रंथपाल, संशोधन-अधिकारी व समित्यांचे चिटणीस यांच्या तयारीविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. आज आम्ही त्याच विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. १९०२ सालीं नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. खजिन्यांत शिल्लक पडली म्हणून अधिकारी संतोष मानीत होते. दुष्काळानें गांजलेल्या प्रजेकडून जरुरीपेक्षां अधिक कर घेतल्याचीच ती खूण आहे, असें गोखल्यांनीं दाखवून दिलें. आंकडे बव्हंशीं सरकारचेच होते. बेरीज मात्र स्वतःची होती. ही बेरीज करण्याच्या कामीं त्यांस सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांचें मोठें साह्य होतें. १९०३ सालीं मिठावरील कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हा एकट्या त्या भाषणाचा परिणाम, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पक्क्या माहितीवर उभें राहिलेलें भाषण परकीय सरकारासही सहज उडवून लावतां येत नाहीं, एवढें त्यावरून खास दिसतें. पण प्रत्येक सभासदास जोशी कोठून मिळणार? जें काम त्या काळीं एका विद्वानाच्या स्नेहानें झालें, तें स्वराज्यांत संस्थेनें नित्य केलें पाहिजे.

कायदेमंडळाचें दप्तर सरकारच्या हाताखालीं असूं नये, हा हक्कही भांडूनच मिळालेला आहे. मध्यवर्ती असेंब्लीचा कर्मचारीवर्ग पूर्वीं सरकारच्याच कायदेखात्याचा असे. ज्याच्या कारभाराची झडती घ्यावयाची त्याचेच नोकर झडतीच्या वेळीं अध्यक्षांशेजारीं बसत! अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनीं हा प्रकार चालूं दिला नाहीं. त्यांच्या आग्रहानें १० जानेवारी १९२९ रोजीं असेंब्लीचें स्वतंत्र खातें निघालें. पुढें राज्यघटनेनें ९८ व्या कलमान्वयें संसदेस व १८७ व्या कलमान्वयें प्रांतिक विधिमंडळांस स्वतंत्र सचिवालयाचा अधिकार दिला. परंतु स्वातंत्र्य मिळालें म्हणजे सामर्थ्य आलें असें होत नाहीं. मालकाच्या तंत्रानें न वागणारा, पण विषयाचें ज्ञान नसलेला कारकून हा प्रामाणिक असेल. उपयोगी असेलच असें नाहीं.

दिल्लीस या दिशेनें कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. संसदेच्या ग्रंथालयास १९५० सालीं संशोधन व संदर्भाची शाखा जोडली गेली. सभासद व अधिकारी यांच्या शिक्षणासाठीं १९७६ सालीं स्वतंत्र विभाग निघाला. तोच आज ‘प्राइड’ या नांवानें ओळखला जातो, व प्रांतिक विधिमंडळांच्या नोकरांसाठींही तेथें वर्ग भरतात. २००२ सालीं ग्रंथालयास स्वतःची भव्य इमारत मिळाली. २०१५ सालीं चिपळूणच्या माहेरवाशीण व तत्कालीन लोकसभाध्यक्षा सुमित्रा महाजन यांनीं सभासदांस तज्ज्ञांचें साह्य मिळावें म्हणून संशोधनाचा एक नवा उपक्रम सुरू केला.

मग उणें कोठें आहे? आमच्या मतें तें समित्यांच्या ठिकाणीं आहे. बिलाची खरी पारख सभागृहाच्या गोंगाटांत होत नसून समितीच्या खोलींत होते. १९९३ सालीं खात्यांवर देखरेख करणाऱ्या स्थायी समित्या निर्माण झाल्या व २००४ सालीं त्यांची संख्या १७ वरून २४ झाली. परंतु पंधराव्या लोकसभेच्या कारकीर्दींत शेंकडा ७१ च्या सुमारास बिलें समित्यांकडे गेलीं होतीं, तें प्रमाण सतराव्या लोकसभेंत शेंकडा १६ वर उतरलें. जीं जातात त्यांची तपासणी तरी कोणाच्या बळावर व्हावयाची? समित्यांस तज्ज्ञ सल्लागार व संशोधनाचें साह्य असावें, असें राज्यघटनेच्या कारभाराचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगानें २००२ सालींच सुचविलें होतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? समितीसच माहिती नाहीं, तर सभागृहास ती कोण देणार?

दिल्ली दूर आहे. म्हणून घराजवळचें उदाहरण घेऊं. जकात काढून तिच्या जागीं ‘एलबीटी’ म्हणजे स्थानिक संस्था कर आणला, तेव्हां २०१३ सालीं व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेविलीं हें वाचक विसरले नसतील. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढाल असणाऱ्यांस तो कर माफ करावा लागला. या कराची बाजू खरी कीं व्यापाऱ्यांची, हा वाद आम्ही आज उकरून काढीत नाहीं. आमचा प्रश्न इतकाच आहे कीं, लहान दुकानदारास वह्या ठेवण्याचा खर्च किती पडेल, आणि कर उठविल्यास नगरपालिकांची तूट कशी भरेल, यांविषयीं सरकारचाही नव्हे व व्यापारी संघाचाही नव्हे, असा तिसरा निःपक्षपाती कागद सभासदांपुढें येता, तर रस्त्यावरचें भांडण आधीं सभागृहांत मिटण्याची आशा अधिक नसती काय?

हें काम मोठ्या राष्ट्रांनींच करावें, प्रांतांस तें झेपणार नाहीं, असें कोणी म्हणेल. इतिहास याच्या उलट आहे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन या संस्थानानें १९०१ सालीं आपल्या कायदेमंडळासाठीं संदर्भ-ग्रंथालय काढलें व चार्ल्स मॅकार्थी या विद्वानानें तें नांवारूपास आणलें. त्याचाच कित्ता गिरवून १९१४ सालीं वॉशिंग्टनच्या काँग्रेसनें आपली संदर्भ-शाखा सुरू केली. तिच्या आजच्या वारस संस्थेंत सुमारें ६०० माणसें दोन्ही पक्षांच्या सभासदांस सारखीच माहिती पुरवितात. प्रांतानें आरंभ केला व राष्ट्रानें तो उचलला!

दुसरा आक्षेप असा कीं, यानें लोकप्रतिनिधींचें राज्य जाऊन तज्ज्ञांचें राज्य येईल. हा आक्षेप विचारार्ह आहे, पण टिकणारा नाहीं. वकील आपल्या अशिलास कायदा समजावून देतो. दावा लावावयाचा कीं तडजोड करावयाची, हें अशीलच ठरवितो. दप्तरानें पर्याय मांडावे व प्रत्येकाचा खर्च आणि परिणाम सांगावा. निवड सभासदानेंच करावी. तज्ज्ञांचें खरें राज्य तेव्हांच असतें, जेव्हां तज्ज्ञ एकट्या सरकारजवळ असतात.

तेव्हां २८८ आमदारांची विधानसभा व ७८ सभासदांची परिषद असलेल्या महाराष्ट्रानें काय करावें? वि. स. पागे यांच्या नांवाचें संसदीय प्रशिक्षण केंद्र येथें आहे व नागपुरास विद्यार्थ्यांसाठीं अभ्यासवर्गही भरतो. या गोष्टी अभिनंदनीय आहेत. परंतु वर्ग प्रसंगोपात्त भरून भागणार नाहीं. नोकरीच्या आरंभीं व नंतर ठराविक वर्षांनीं प्रत्येक अधिकाऱ्यास शिक्षण मिळावें. अर्थशास्त्र, कायदा व संख्याशास्त्र यांच्या अभ्यासासाठीं पगारी रजा असावी. आणि अशा अभ्यासाचा बढतींत विचार व्हावा, नाहींतर अभ्यास करणारा मागें व खुशामत करणारा पुढें असें होईल. समितीस विषय जाणणारा निदान एक तरी संशोधक द्यावा व त्याची दर वर्षीं बदली करूं नये. पुण्याची गोखले अर्थशास्त्रसंस्था १९३० सालापासून उभी आहे; अशा संस्थांशीं कायमचा संबंध जोडावा. प्रत्येक महत्त्वाच्या बिलावरील टिपण चर्चेपूर्वीं पुरेसे दिवस आधीं, सुबोध मराठींत, विरोधी पक्षासही मिळावें व लोकांसही वाचावयास मिळावें.

यास पैसा लागेल, हें खरें. परंतु एक चुकीचा कायदा करणें, तो राबविणें व मग मागें घेणें, यांचा खर्च कोणत्या खात्यावर पडतो? तो आमच्या वाचकांच्याच खात्यावर पडतो. निवडणुकीच्या वेळीं उमेदवार दारीं येतो तेव्हां रस्ता व पाणी यांविषयीं आपण विचारतोंच; यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा: “सरकारचा हिशोब तपासण्यास आपण आम्हांस निवडून द्या म्हणतां; ती तपासणी आपण कोणाच्या बेरजेवरून करणार?”