यंत्र-तंत्र : विजेचा सुपरचार्जर – भाता की नुसता पंखा?



या वेळचा विषय कॅमडेनच्या मंडळींनी सुचवला आहे. मुलं सतरा-अठराची झाली, हातात लायसन्स आलं, की घरात पहिली सेकंडहँड गाडी येते. गाडी असते बाराशे-चौदाशे सीसीची, आणि चिरंजीवांना तिची रेसची गाडी करायची असते. मग कुठून तरी जाहिरात सापडते : इलेक्ट्रिक सुपरचार्जर, बसवायला अर्धा तास, ताकद वीस टक्क्यांनी वाढणार, किंमत पन्नास-साठ पौंड. आई विचारते, "हे धोक्याचं तर नाही ना?" बाबा म्हणतात, "पन्नास पौंडांचाच प्रश्न आहे, जाऊ दे." आणि मग प्रश्न माझ्याकडे येतो : "काका, हे खरंच चालतं का हो?"

उत्तर "हो" आहे आणि "नाही" पण आहे. विजेवर चालणारा सुपरचार्जर ही खरी, अभ्यासून बनवलेली वस्तू आहे. पन्नास पौंडांना मिळते ती वस्तू मात्र वेगळी. दोन्हींचं नाव एक असल्यामुळे घोटाळा होतो. (टेस्लाच्या गाड्या जिथे चार्ज करतात त्या जागेलाही सुपरचार्जर म्हणतात. त्याचा या विषयाशी काही संबंध नाही.)

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं, पण ते जळायला हवा लागते. एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. सिलिंडर आपल्या आकारमानाएवढीच हवा ओढू शकतो. मग तीच हवा आधी दाबून, घट्ट करून आत ढकलली तर? तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते, जास्त पेट्रोल जळतं, जास्त ताकद मिळते. गावाकडे लोहार भात्याने भट्टी फुलवतो, तोच प्रकार. फक्त इथे बंद डब्यात हवा कोंबायची असते. हा भाता इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा गिअरवर चालवला की त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चालवला की टर्बोचार्जर. आणि विजेच्या मोटरवर चालवला की आपला आजचा पाहुणा.

या भात्यावरचा सगळ्यात गाजलेला वाद एका कॅमडेनकराच्या नावाशी जोडलेला आहे, हे किती जणांना माहीत असेल? बेंटली गाड्यांचे जनक वॉल्टर ओवेन बेंटली १८८८ साली हॅम्पस्टेडला जन्मले. १९६५ साली हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न मिळून कॅमडेन बरो झाला, त्यामुळे आजच्या हिशेबाने ते आपले गाववालेच. बेंटलीसाहेब डॉन्कास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून तयार झालेले. त्यांचं मत साधं होतं : ताकद हवी तर इंजिन मोठं करा, त्यात जबरदस्तीने हवा कोंबू नका. त्यांच्याच गाड्या चालवणारे सर टिम बर्किन यांना हे पटलं नाही. १९२९ साली त्यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीच्या पुढच्या बाजूला अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांचा सुपरचार्जर बसवून घेतला. हीच ती प्रसिद्ध ब्लोअर बेंटली. ११० अश्वशक्तीचं इंजिन १७५ पर्यंत गेलं, आणि शर्यतीच्या गाड्यांत तर २४० च्या घरात.

मग जिंकलं कोण? १९३० साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनच्या ब्लोअर गाड्या मध्येच बंद पडल्या, आणि बेंटलीसाहेबांची साडेसहा लिटरची, सुपरचार्जर नसलेली गाडी पहिली आली. पण त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किन ब्लोअर घेऊन दुसरे आले, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सला त्यांनी ताशी जवळजवळ १३८ मैलांची फेरी मारली. म्हणजे भात्याने ताकद वाढते यात वाद नाही. वाद आहे तो त्या ताकदीची किंमत कोण मोजतो याचा. ब्लोअरला लागणारी ताकद इंजिनाच्याच दांड्यावरून घ्यावी लागे, पेट्रोल भरमसाट लागे, आणि इंजिनावरचा ताण वाढे.

आता विजेच्या सुपरचार्जरचा हिशेब करू. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जायचं नाही.

चौदाशे सीसीचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरताना दर सेकंदाला साठ-सत्तर लिटर हवा ओढतं. अंघोळीच्या दोन-तीन बादल्या दर सेकंदाला म्हणा ना! ताकद वीस-पंचवीस टक्के वाढवायची तर ही सगळी हवा सुमारे एक-तृतीयांश जास्त दाबाने आत सारायला हवी. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना दंड दुखतात आणि पंप गरम होतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. टेबलफॅन समोर धरून ट्यूब फुगत नाही. हवा हलवणं वेगळं आणि हवा दाबणं वेगळं.

इतकी हवा दाबायला, मोटर आणि भाता यांच्यातली घट धरून, चार ते पाच किलोवॉट वीज लागते. स्वयंपाकघरातल्या चहाच्या दोन किटल्या एकदम लावल्या तर जेवढी लागेल तेवढी! गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. म्हणजे प्रवाह झाला साडेतीनशे-चारशे अँपिअर. गाडीतला अल्टरनेटर साधारणपणे सत्तर ते सव्वाशे अँपिअर देतो, आणि त्यातूनच दिवे, वायपर, हीटर सगळं चालायचं असतं. गाडी चालू करताना स्टार्टर जेवढा प्रवाह खेचतो, तेवढा सतत खेचत राहण्यासारखं हे आहे. मोटरवेवर बॅटरी किती वेळ तग धरेल, तुम्हीच सांगा.

आणि पन्नास पौंडांचा "सुपरचार्जर" किती वीज घेतो? पाच ते आठ अँपिअर. म्हणजे साठ ते शंभर वॉट, पूर्वीच्या पिवळ्या दिव्याइतकी. त्याची तार पाहिली तरी कळतं, करंगळीपेक्षाही बारीक. अनेकदा तो मोटरबोटीच्या तळातली कोंदट हवा बाहेर काढायचा पंखा असतो, वर चकचकीत डबा चढवलेला. किटलीचं काम दिव्याच्या विजेत कसं व्हायचं? गंमत म्हणजे गाडी उभी असताना हा पंखा जोरात हवा फेकतो, पण तेव्हा इंजिनाला हवा नको असते. पाय पूर्ण दाबला की इंजिन पंख्याच्या ताकदीपेक्षा जास्त हवा ओढतं आणि पंख्याची पाती वाटेत आडवी येतात. ताकद वाढायच्या ऐवजी थोडी कमीच होते.

"पण काका, बसवलेले लोक म्हणतात की फरक जाणवतो!" जाणवतो, कारण आवाज बदलतो, आणि पैसे खर्च केल्यावर फरक जाणवावा असं मनालाही वाटतं. शिवाय तो बसवताना जुना एअर फिल्टर बदललेला असतो. खात्री करायची तर गाडी रोलिंग रोडवर न्यावी, पंखा लावून आणि काढून मोजावी. कागदावर आकडा येतो, त्याच्याशी भांडता येत नाही.

मग खरा विजेचा सुपरचार्जर कुठे आहे? तो आहे, आणि त्याची एक वाट आपल्या शेजारच्या एसेक्समधून गेली आहे. तिथल्या कंट्रोल्ड पॉवर टेक्नॉलॉजीज या कंपनीने असं यंत्र विकसित केलं आणि २०११ साली ते तंत्र फ्रान्सच्या व्हॅलेओ कंपनीने विकत घेतलं. २०१६ साली ऑडीच्या एसक्यू-७ या डिझेल गाडीत व्हॅलेओचा विजेचा भाता आला. चार लिटरचं इंजिन, दोन टर्बो, आणि मदतीला सात किलोवॉटचा हा भाता. पाव सेकंदात तो मिनिटाला सत्तर हजार फेऱ्यांवर पोचतो. त्याच्यासाठी बारा नव्हे, ४८ व्होल्टची वेगळी व्यवस्था आणि वेगळी बॅटरी आहे. २०१७ पासून मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या इंजिनातही ४८ व्होल्टवर चालणारा असाच मदतनीस आहे.

मुख्य गोष्ट ही, की या गाड्यांतही तो सतत चालत नाही. टर्बोला धुराचा जोर मिळायला क्षणभर लागतो. पाय दाबला आणि गाडी उठत नाही, तो क्षण विजेचा भाता भरून काढतो. टर्बो जागा झाला की हा बाजूला होतो. थेंबे थेंबे साठवलेली वीज एक-दोन सेकंदांत उधळायची, आणि पुन्हा साठवायची.

कर्जतचा वडा खाल्लेल्यांना हे चटकन समजेल. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं जोडतात, ती बोरघाट चढवून देतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. पुण्यापर्यंत ती यायची गरज नसते. आपल्या कॅमडेनलाही हेच होतं! १८३७ साली यूस्टनहून रेल्वे सुरू झाली तेव्हा कॅमडेनपर्यंतचा चढ गाड्यांना दोराने ओढून चढवत. दोर ओढणारी वाफेची इंजिनं कॅमडेनला जमिनीखाली होती. १८४४ पर्यंत हे चाललं, आणि ती तळघरं आजही राउंडहाउसपासून जवळच, रुळांखाली आहेत. मदत चढापुरती होती, पण मदत करणारं इंजिन खरं, दमदार होतं. यूस्टनच्या फलाटावर पंखा लावून गाडी चढली नसती.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, इन्शुरन्स. या देशात गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. नवशिक्या मुलाचा हप्ता आधीच डोळे पांढरे करणारा असतो. पन्नास पौंडांचा डबा लपवला आणि पुढे अपघात झाला, तर भरपाई कमी होण्याची किंवा नाकारली जाण्याची भीती असते. पंखा चालतो की नाही हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

दुसरी, इंजिन. पंख्याचं पातं तुटून आत गेलं तर दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकते. स्वतःची वेगळी बॅटरी असलेले काही महाग संच काही सेकंद खरा दाब देतात. पण मग गाडीच्या संगणकात पेट्रोलचं प्रमाणही जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर नॉकिंग होऊन पिस्टन खराब होतात. ते जाणत्या माणसाचं काम आहे.

तिसरी, युलेझ. कॅमडेन पूर्ण त्या क्षेत्रात येतं. पेट्रोल वाचेल, धूर कमी होईल असं जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, गाडी युलेझच्या नियमात बसत नसेल तर या डब्याने रोजचे साडेबारा पौंड वाचत नाहीत.

चौथी, रस्ता. कॅमडेनच्या रस्त्यांवर २०१३ पासून ताशी वीस मैलांची मर्यादा आहे. हॅव्हरस्टॉक हिलचा चढ वीसच्या वेगाने चढायला चौदाशे सीसी पुरून उरतात.

मुलाला मात्र नुसतं "नाही" म्हणू नका. त्याला तारेची जाडी पाहायला सांगा, अँपिअरला व्होल्टने गुणायला सांगा, आणि दोन किटल्यांशी तुलना करायला सांगा. इंजिनाची आवड असलेला मुलगा हे आनंदाने करतो. ते पन्नास पौंड नवा एअर फिल्टर, चांगले प्लग आणि टायरमधली हवा तपासायचा गेज यांवर खर्च करू द्या, आणि ते त्यालाच बसवू द्या. हात काळे झाले की गाडी कळायला लागते. पुढे कुठलीही जाहिरात आली, तर तो आधी विचारेल, "ही ताकद येणार कुठून?" हा प्रश्न गाडीबाहेरही उपयोगी पडतो.

पुढच्या अंकात हिवाळ्यात गाडीची बॅटरी का बसते ते पाहू. शंका असतील तर जरूर लिहून पाठवा. लोभ आहेच, तो वाढावा.