पाटीवरचा ल

दुकानाच्या पाटीवरचे मराठी अक्षर इतर कोणत्याही लिपीतल्या अक्षराहून लहान नसावे, अशी कायद्यात दुरुस्ती २०२२ साली झाली. झाली ते बरे झाले. आमच्या रस्त्यावरही नव्या पाट्या चढल्या, अक्षरे चांगली हातभर उंच. पण मेडिकलपासून मोबाइलवाल्यापर्यंत बहुतेकांचा ल उजवीकडे दांडी टेकून उभा! मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, मधल्या देठाने शिरोरेघेला टांगलेला. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असे सरकारनेच २००९च्या निर्णयात लिहून ठेवले आहे. उंची चुकली तर दंड होतो. वळण चुकले तर कुणी विचारत नाही.

तरुणपणी मी छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवले आहेत, म्हणून हे डोळ्यांत खुपते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे त्याचा बाक न् बाक पाठ होतो. अखंड टाइपात तर कु वेगळा, के वेगळा, कें वेगळा. शेकडो खिळ्यांचा पसारा. ही अक्षरे घडवली कुणी?

गणपत कृष्णाजी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात कसब शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असेल या भयाने सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. गिऱ्हाईक ओळखणे म्हणतात ते हे. पुढे त्यांनी खिळेही पाडले. त्याच मिशन छापखान्यात पोरवयात टाइप घासणारे जावजी दादाजी. त्यांनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. जावजींचे नाव निदान कानावर असते. राणोजी रावजी आरू हे नाव किती जणांना ठाऊक आहे? निर्णयसागरचे पोलादी पंच कोरणारा हात त्यांचा. पंचाचा ठसा तांब्यात उमटवायचा आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. पंचावर केसाएवढे जरी चुकले, तरी ते प्रत्येक पुस्तकाच्या पानापानावर दिसणार.

निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ देशभर गेले, त्यांच्याबरोबर मुंबईचे वळणही गेले. पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीने मुंबई वळणाचे अ, झ, ण घेतले. उत्तरेतले एखादे जुने पुस्तक उघडून बघा, तिथला झ पटकन ओळखूही येणार नाही. ल आणि श मात्र त्यांनी आपलेच ठेवले. तो त्यांचा हक्क. आपण आपले का सोडले?

कुणी ठरवून सोडले नाहीत. काही फॉन्टांत पाकळीचा ल असतोच, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराला हे कुणी सांगितलेले नाही, आणि समोरच्या दुकानदाराला पाटी संध्याकाळपर्यंत हवी असते. त्या पोरावर काय रागवायचे? महापालिकेने पाट्यांच्या नियमांसोबत एक पान जोडावे: योग्य ल, योग्य श आणि ते असलेले दोन-तीन मोफत फॉन्ट, बस्स. नमुन्याला निर्णयसागरचाच ल छापावा. राणोजी काही मानधन मागायला येणार नाहीत.