वाळूच्या समुद्रांतील सहली

आखाती देशांत नोकरीनिमित्त गेलेले आपले मुलगे व पुतणे हल्लीं सुट्टीच्या दिवशीं मित्रमंडळी जमवून, मोटारी घेऊन वाळवंटांत शिरतात. तेथील छायाचित्रें घरीं येतात, तीं हातोहात फिरतात, आणि घरांत तत्काळ दोन पक्ष पडतात. वडील मंडळींस वाटतें कीं, चांगला रस्ता असतां तो सोडून जाणें हें शहाण्याचें लक्षण नव्हे. पेट्रोल जाळून वाळू उडविण्यांत पुरुषार्थ तो कोणता? तरुणांस वाटतें कीं, आठवडाभर कचेरींत बसणाऱ्या माणसानें एक दिवस मोकळें क्षितिज पाहूं नये काय? या तंट्यांत आजीबाईंचा कल कोणीकडे असतो, हें वाचकांस सांगणें नकोच.

हा छंद उनाडपणाचा कीं शहाणपणाचा, हें छंदावरून ठरत नाहीं. तो कोण कसा करतो यावरून ठरतें, असें माझें मत आहे. तें मत ज्यांच्या चरित्रावरून बनलें, त्या गृहस्थांची व त्यांच्या सवंगड्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

राल्फ बॅग्नोल्ड हे ब्रिटिश फौजेंतील अधिकारी. जन्म १८९६ चा, शिक्षण केंब्रिजचें, विषय यंत्रविद्या. १९२६ सालीं त्यांची नेमणूक इजिप्तमध्यें झाली. कैरोच्या छावणींतील इतर अधिकारी फावला वेळ खेळांत व मेजवान्यांत घालवीत. यांनीं फोर्ड कंपनीच्या साध्या ‘मॉडेल टी’ मोटारी घेतल्या, त्यांचीं नको तीं अंगें काढून टाकलीं आणि चार समानशील मित्रांसह रजेंत भटकण्यास आरंभ केला. प्रथम सिनाईचें वाळवंट, पुढें पेट्राचे प्राचीन अवशेष, १९२७ मध्यें पश्चिमेकडील सिवा. १९२८ सालीं त्यांची बदली हिंदुस्थानांत, वायव्य सरहद्दीवर झाली. पण वेड सुटलें नाहीं. रजा सांठवून हे गृहस्थ तेथून इजिप्तला परत जात आणि १९२९ व १९३० सालीं ‘मॉडेल ए’ मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटांत शिरले. सरकारी हुकूम नाहीं, भत्ता नाहीं. खर्च सर्वांनीं आपापल्या पगारांतून वांटून घ्यावयाचा.

हें वाळवंट म्हणजे काय, याची कल्पना आपणांस सहसा नसते. इजिप्तच्या पश्चिम सीमेवर ज्यास वाळूचा महासमुद्र म्हणतात, तेथें उत्तर-दक्षिण पसरलेल्या वाळूच्या रांगामागून रांगा आहेत; त्यांची उंची कांहीं ठिकाणीं शंभर मीटरांहूनहि अधिक आहे. झाड नाहीं, विहीर नाहीं, पाऊलवाट नाहीं. उंटांचे तांडेसुद्धां या समुद्रास वळसा घालून जात. तेथें मोटार चालणें अशक्य, असा जाणत्यांचा समज होता.

बॅग्नोल्ड यांनीं त्या अशक्याचीं कारणें एकेक करून तपासलीं. चाक वाळूंत रुततें, कारण भार थोड्या जागेवर पडतो. उंटाचा पाय पाहा: खालीं पसरट, मऊ गादी, म्हणून तो रुतत नाहीं. मग चाकांतील हवा कमी करावी. टायर चपटा होतो, भार पसरतो आणि गाडी वाळूवर तरते. कठीण जमीन लागली कीं पंपानें हवा पुन्हां भरावी. एवढें करूनहि रुतलीच, तर काय? कैरोच्या मोडीच्या बाजारांत त्यांस जड पोलादी पन्हळी आढळल्या; पहिल्या महायुद्धांत खंदकांवर छत घालण्याकरितां त्या केलेल्या होत्या. मागच्या चाकांपुढची वाळू हातांनीं उकरावी, त्यांत पन्हळी सारावी, मग सर्वांनीं ढकलावें. गाडी त्या चिमुकल्या रुळांवरून चार पावलें पुढें सरकते, कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. दिवसांतून किती वेळां हें करावें लागे, याचा हिशेब त्यांनीं ठेवला असेल असें वाटत नाहीं.

दुसरी अडचण पाण्याची. इंजिन तापलें कीं रेडिएटरांतील पाणी उकळून वाफ होऊन जातें. माणसांनीं प्यावें तें पाणी यंत्र पिऊन टाकतें. उपाय असा कीं, वाफ बाहेर न सोडतां नळीनें पायफळीवरील एका डब्यांत न्यावी. डब्यांत थोडें पाणी असतेंच. वाफ त्यांत शिरून थंड होते. डबाहि उकळूं लागला कीं गाडीचें तोंड वाऱ्याकडे करून थांबावें. इंजिन निवलें कीं आंतील पोकळीमुळें तें पाणी गुडगुड आवाज करीत आपोआप परत ओढलें जातें. ही युक्ति अगदीं नवी नव्हे. पहिल्या महायुद्धांत याच वाळवंटांत फिरणाऱ्या हलक्या मोटारींच्या पथकांनीं ती वापरली होती. परंतु जुन्यांनीं केलेलें शोधून काढणें, तें सुधारणें आणि त्यांचें ऋण मानणें हाहि विद्येचाच भाग आहे.

तिसरी अडचण दिशेची, आणि येथें आम्हां संस्कृत शिकलेल्यांचे कान टवकारतात. लोहचुंबकाची सुई मोटारींतील लोखंडामुळें भरकटते. खरी दिशा पाहावयाची तर दर वेळीं गाडी थांबवून, उतरून, कांहीं पावलें दूर जावें लागतें. म्हणून बॅग्नोल्ड यांनीं सूर्याचें होकायंत्र सुधारून घेतलें. चालकासमोर एक आडवी वाटोळी तबकडी, तिच्या कडेला ३६० अंश, मध्यें उभी सुई. वेळ व अक्षांश यांवरून सूर्याची दिशा कोष्टकांत पाहून तबकडी फिरवावयाची. मग सुईची सांवली ठरलेल्या अंशावर राहील अशा बेतानें गाडी हांकावयाची. लहानपणीं आमच्या शास्त्रीबुवांनीं अंगणांत वर्तुळ काढून मध्यें बारा अंगुळांचा शंकु उभा केला होता. सकाळीं सांवलीचें टोंक वर्तुळांत शिरतें तो बिंदु आणि दुपारनंतर बाहेर पडतें तो बिंदु जोडला कीं पूर्व-पश्चिम रेषा मिळते. सूर्यसिद्धान्तांतील ज्या अध्यायांत हें येतें, त्यास त्रिप्रश्नाधिकार म्हणतात. तीन प्रश्न म्हणजे दिशा, देश व काल. वाळवंटांतील मोटारवाल्यासहि दुसरे प्रश्न नसतात. उन्हाळ्यांत दोन प्रहरीं सूर्य माथ्यावर आला कीं सांवली पायांशीं गोळा होते व यंत्र निरुपयोगी ठरतें. तेव्हां मुकाट्यानें गाडीच्या सांवलींत पडून राहावयाचें. रात्रीं सर्वजण निजले तरी एकजण ताऱ्यांचे वेध घेऊन, बिनतारी यंत्रावरून येणाऱ्या वेळेच्या खुणेशीं घड्याळ जुळवून, आपण नेमके कोठें आहों तें गणितानें काढीत बसे. दिवसभर सांवलीवरून धरलेल्या वाटेचा हा रोजचा ताळेबंद.

आतां खऱ्या मौजेकडे वळूं. वाळूच्या टेकड्यांच्या पहिल्या भिंतीपुढें येऊन सर्वजण उभे राहिले, तेव्हां हळूंहळूं चढावें हा नेहमींचा शहाणपणा उपयोगी पडेना. बॅग्नोल्ड यांनीं गाडीचा वेग भरपूर वाढविला आणि ती सरळ भिंतीवर घातली. आपटणार, असें वाटत असतांनाच ती आवाज न करतां, पाळण्यासारखी, वर तरंगत गेली. याचें कारण त्यांस पुढें कळलें: वाऱ्याकडील उतारावर वाऱ्यानें आणलेला कण न्‌ कण ठोकून बसविलेला असतो, त्यामुळें ती बाजू घट्ट, माथ्यावरून पलीकडे घरंगळून पडलेली वाळू मात्र भुसभुशीत, आणि तो उतार सुमारें तेहतीस अंशांचा. म्हणून माथ्यावर नेमकें थांबतां आलें पाहिजे. तेथें जो चुकला तो गाडीसह पलीकडे कोसळला. पुढें युद्धांत असे अपघात होऊन कित्येक सैनिक जायबंदी झाले. आजच्या तरुणांस वर जाण्याचा आनंद ठाऊक असतो. माथ्यावर थांबण्याची विद्या त्यांनीं आधीं शिकावी.

वडील मंडळींनीं मुलांस ‘जाऊं नको’ म्हणण्यापेक्षां ‘किती गाड्या?’ असें विचारावें. एकट्या गाडीनें वाळवंटांत शिरणें हें धाडस नव्हे. पाणी किती घेतलें, परतण्याची वेळ कोणास सांगून ठेवली, हवा भरण्याचा पंप बरोबर आहे काय, आणि गाडी बंद पडली तर ती सोडून पायीं निघावयाचें नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे काय, हेहि प्रश्न घरबसल्या विचारतां येतात. आजच्या मुलांच्या हातांत उपग्रहाकडून जागा दाखविणारें यंत्र असतें, म्हणून सांवली पाहण्याची गरज उरली नाहीं. टायरमधील हवा मात्र आजहि तशीच कमी करावी लागते.

या मंडळींस एका हरवलेल्या हिरवळीचेंहि वेड होतें. झेरझुरा नांवाचें ओॲसिस वाळूंत कोठेंतरी दडलेलें आहे, अशी अरबांत जुनी दंतकथा. तें कोणास सांपडलें नाहीं. तथापि १९३० सालीं नाईलकांठच्या वाडी हाल्फा गांवांतील एका ग्रीक माणसाच्या मद्यगृहांत बसून या मित्रांनीं ‘झेरझुरा क्लब’ स्थापन केला. (तें जुनें गांवहि पुढें आस्वानच्या धरणाच्या पाण्याखालीं गेलें.) येथें एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. यांच्या पूर्वीं, १९२३ मध्यें, अहमद हसनैन या इजिप्शियन गृहस्थांनीं उंटांवरून कुफ्रामार्गें उवैनात पर्वत गांठून तो जगाच्या नकाशावर आणला होता. आणि ते पोंचले तेव्हां तेथें माणसें राहतच होतीं.

त्याच वाळवंटांत त्याच सुमारास दुसरेहि प्रवासी होते, आणि ते हौसेनें आले नव्हते. जानेवारी १९३१ मध्यें इटालियन फौजेनें कुफ्रा घेतलें. तेथील शेंकडों लोक बायकामुलांसह, उंटांवर व पायीं, निर्जल वाळवंटांत पळाले. कित्येक तहानेनें वाटेंतच मेले. इजिप्तच्या वाळवंट-मोजणी खात्यांतील पॅट क्लेटन त्या वेळीं मोटारी घेऊन त्या भागांत काम करीत होते. त्यांनीं मोजणी बाजूस ठेवली व निर्वासितांस शोधून, गाड्यांत घालून त्यांचे प्राण वांचविले. हेच क्लेटन पुढें बॅग्नोल्ड यांच्या मंडळींत सामील झाले. ज्या वाटा मित्रांनीं मौजेनें शोधल्या त्याच वाटांवर कोणी मरत होतें, हें वाचल्यावर त्या छायाचित्रांकडे पूर्वीच्या नजरेनें पाहवत नाहीं. पण वाळूंत मोटार हांकण्याची विद्या कोणीतरी आधींच संपादन केली होती, म्हणूनच कांहीं जीव वांचले, हेंहि तितकेंच खरें.

पुढें युद्ध पेटलें. जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरतांच बॅग्नोल्ड यांनीं सेनापति वेव्हेल यांच्यापुढें योजना ठेवली, आणि जुने सवंगडी गोळा केले: टांगानिकाहून क्लेटन, जेरुसलेमहून केनेडी शॉ. अवघ्या सहा आठवड्यांत पथक उभें राहिलें. त्यांत पहिले सैनिक बहुतेक न्यूझीलंडचे, आणि पन्हळी, डबे, सांवलीचें यंत्र, सारें तेंच. क्लेटन जानेवारी १९४१ मध्यें जखमी होऊन इटालियनांच्या हातीं सांपडले. झेरझुराच्या शोधांत असलेला हंगेरीचा आल्माशी शत्रुपक्षाकडे गेला आणि १९४२ मध्यें दोघां जर्मन हेरांस याच वाळवंटांतून नाईलपर्यंत पोंचवून सुखरूप परतला. वाळू कोणाचीच बाजू घेत नाहीं.

माझ्या मतें या सहलींचें खरें फळ मात्र युद्धांतलें नव्हे. तंबूच्या दाराशीं बसून बॅग्नोल्ड यांस प्रश्न पडे कीं, वाऱ्यानें इतस्ततः विखरावयाची ती वाळू एकत्र जमून, आकार धरून, पुढें चालते ती कां? १९३५ मध्यें फौजेंतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत फळ्या व कांचा यांचा वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यांत वाळू उडविली आणि पाहत बसले. कण हवेंत तरंगत नाहींत, उड्या मारतात. एक कण पडतांना दुसऱ्यांस उडवितो. खरी वाळू माणसाच्या डोक्यावर सहसा चढत नाहीं, वर आकाश झांकते ती धूळ. १९३८ मध्यें ते पुन्हां वाळवंटांत गेले व प्रयोगशाळेंतील नियम प्रत्यक्ष पडताळून आले. त्यांचा ‘फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा ग्रंथ १९४१ सालीं निघाला, १९४४ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि १९९० मध्यें चौऱ्याण्णवाव्या वर्षीं वारले.

मंगळावर वाळूच्या ज्या टेकड्यांपाशीं अमेरिकेची ‘क्युरिऑसिटी’ ही सहा चाकांची यंत्रगाडी २०१५ सालीं पोंचली, त्यांस शास्त्रज्ञांनीं बॅग्नोल्ड यांचें नांव दिलें आहे. गाडीनें तेथील एका टेकडीवर चाक घांसून आंतली वाळू कशी आहे तें पाहिलें. वाळूवर लहान लाटा होत्या, तशा आपल्या इकडेहि असतात. पण त्यांहून मोठ्या, सुमारें तीन मीटरांच्या अंतरानें उमटलेल्या दुसऱ्याहि लाटा होत्या, आणि तसल्या लाटा पृथ्वीवरील वाळवंटांत आढळत नाहींत.