हरेगाव, खर्डा आणि गूगल : आपण लिहिलेले कुणाला सापडते का?

ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. त्याचा व्हिडिओ बघता बघता राज्यभर फिरला. स्टेटस बदलले, निषेधाच्या पोस्ट पडल्या. याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार, मांग आणि वेठिया वतनदारांच्या परिषदेत भाषण केले होते. व्हिडिओ पुढे पाठवताना आपल्यापैकी किती जणांनी हे दोन प्रसंग जोडून लिहिले? आणि आज एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर 'हरेगाव' शोधले, तर आपण लिहिलेला एक तरी परिच्छेद त्याच्यापर्यंत पोहोचेल का?

सोशल मीडियावर आपली तरुण पिढी कमी नाही. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते दिसतेच. पण पोहोचणे म्हणजे व्हायरल होणे, असा आपला समज झाला आहे. व्हायरल झालेली पोस्ट आपण पाठवतो तेव्हा समोर येते आणि दोन दिवसांत खाली जाते. शोधून सापडणारा लेख मात्र वाचकाला गरज पडते तेव्हा समोर येतो, आज किंवा पाच वर्षांनीही. आपली जवळपास सगळी शक्ती पहिल्या वाटेवर खर्च होते आणि दुसरी वाट ओस पडते.

याची किंमत काय, ते खर्ड्याने दाखवले आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथे १७ वर्षांच्या शाळकरी मुलाची हत्या झाली. तेव्हा महाराष्ट्र हादरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा अनेक साक्षीदार फितूर झालेले होते आणि आरोपी निर्दोष सुटले. त्याच महिन्यात कोपर्डीचाही निकाल लागला आणि आरोपींना फाशीची शिक्षा झाली. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. न्यायालयाचे निकाल गर्दीवर ठरत नाहीत, ठरूही नयेत. पण मधल्या साडेतीन वर्षांत खर्ड्याच्या साक्षीदारांकडे, सुनावणीच्या तारखांकडे किती जणांचे लक्ष होते? घटना घडली तेव्हा आपण हजारोंनी लिहिले. खटला चालू असताना काय चालले आहे, हे एका जागी, तारखेनिशी वाचता येईल असे किती लिहिले?

माध्यमाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्यानंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' निघाले. दुसऱ्याच्या दारात जागा मिळत नाही म्हणून बाबासाहेबांनी स्वतःचे दार उभे केले. आज जाहिरात नाकारणारा संपादक समोर नाही. तरीही आपण पुन्हा दुसऱ्याच्याच दारात बसलो आहोत, कारण फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आपला मजकूर कुणाला दाखवायचा हे त्या कंपन्या ठरवतात.

आपले लेखन शोधात का येत नाही, याची कारणे अगदी साधी आहेत. आपण लेख फोटो करून टाकतो. त्यातली अक्षरे शोधयंत्राच्या हाती नीट लागतीलच असे नाही. जुन्या स्मरणिका आणि विशेषांक स्कॅन करून पीडीएफमध्ये पडून आहेत. अनेकांचा मजकूर अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. तो वेबवर चढवला की शोधयंत्राला निरर्थक चिन्हे दिसतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधले काहीच बाहेर शोधता येत नाही. दोन तासांच्या भाषणाच्या व्हिडिओला शीर्षक असते, 'साहेबांचे तुफानी भाषण'. त्यात गाव नाही, वर्ष नाही, विषय नाही. निषेधाच्या पोस्टवर तर कित्येकदा फक्त 'जाहीर निषेध' एवढेच असते.

आपल्या जिल्ह्यात त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या बातम्या, निकालपत्रे, अहवाल जुन्या नावाने आहेत. पुढचे सगळे नव्या नावाने येईल. बोलताना लोक नुसते 'नगर' म्हणतात. आपण लेखात दोन्ही नावे, शिवाय तालुका आणि गाव लिहिले नाही, तर २०१४ चे खर्डा आणि आजचा जिल्हा यांचा धागा शोधणाऱ्याच्या हाती लागणार नाही.

मग लिहायचे काय? लोक काय शोधतात, तिथून सुरुवात करावी. गावात मारहाण झाली की घरातला शिकलेला मुलगा आधी मोबाइल काढतो. 'पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, काय करावे?' हा त्याचा प्रश्न असतो. त्याला सोप्या मराठीत उत्तर मिळाले पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. कलम १५-अ पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६ आहे. ही माहिती आपण लिहिली नाही, तर 'कायद्याचा गैरवापर' सांगणारे पान त्याच्यासमोर आधी येईल. त्याचा दोष गूगलला देऊन उपयोग नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. वाचक वाढवायचे म्हणून मृतदेहाचा फोटो, खोटा थरार, अर्धवट माहिती, हे सगळे चालते आणि खपतेही. तथागतांनी सांगितलेल्या सम्यक वाचेत ते बसत नाही. शिवाय लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. आरोप सिद्ध झाला नसेल, तर तसे लिहावे. पुढे माहिती बदलली, तर जुना लेख दुरुस्त करून दुरुस्तीची तारीख टाकावी. विश्वास बसलेला वाचकच पुन्हा येतो.

फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात दोघा-तिघांनी बसावे. बुद्ध विहारातल्या कपाटातली एक जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये टाइप करावी. तालुक्यातल्या एका खटल्याचे एक पान करून प्रत्येक तारखेनंतर त्यात भर घालावी. शीर्षकात गाव, वर्ष आणि विषय लिहावा. मग तो दुवा व्हॉट्सॲपवर खुशाल फिरवावा. सोशल मीडिया त्या पानापर्यंत नेणारा रस्ता म्हणून वापरावा.

हरेगावच्या १९३९ च्या परिषदेला गेलेल्यांपैकी आज क्वचितच कुणी हयात असेल. त्यांच्या नातवंडांनी ऐकलेल्या आठवणी अजून घराघरांत आहेत. त्या आजच लिहून ठेवल्या नाहीत, तर उद्या शोधणाऱ्याला हरेगावात फक्त ते झाड आणि तो व्हिडिओ सापडेल.