नेतृत्व : दोन क्रेडिट, तीस तास

मा. श्री. चंद्रकांत पाटील,
मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र शासन
यांस,

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चे कलम ९९ आपल्या विभागाला तोंडपाठ असणार, म्हणून ते इथे उतरवून काढत नाही. विद्यार्थी परिषद मतदानाने निवडावी असे ते सांगते. कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे आणि निवडणूक अद्याप झालेली नाही. या विषयावरच्या निवेदनांना मंत्रालयात कपाट अपुरे पडत असेल. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या विद्यार्थी संघटनाही या एका मागणीवर एका सुरात बोलतात. तरीही उत्तर येत नाही. किंवा येते ते 'शासन सकारात्मक आहे' एवढेच. इतकी वर्षे सकारात्मक राहूनही काहीच न करण्याची ही चिकाटी कौतुकास्पदच म्हणायची.

हिशेब मांडतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारा तो वर्गाचा प्रतिनिधी, अशी सोय निघाली. तेव्हापासून तीन वर्षांच्या पदवीच्या दहा तुकड्या एकामागून एक बाहेर पडल्या. त्यातल्या पहिल्या तुकडीची मुले आता कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली, मे २००६ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यायालयाने तो अमलात आणायला सांगितले. नामनियुक्तीची पद्धत तात्पुरती समजा आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे वळा, अशी त्यात शिफारस होती. ती पाच वर्षे २०११ मध्ये संपली. आपल्याकडे कायदा व्हायलाच २०१६ उजाडले. २०१९ मध्ये निवडणुकांचे वेळापत्रक निघाले आणि विधानसभेच्या निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलले गेले. मग करोना आला. करोना गेला, २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली, कॉलेजातल्या मतपेटीचा मुहूर्त मात्र कोणत्याच पंचांगात सापडेना. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात ४५.७८ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेतात. उत्तर प्रदेशाखालोखाल देशात आपला क्रमांक दुसरा. यांतले जे राज्याच्या विद्यापीठांत शिकतात त्यांना आमदार निवडता येतो, खासदार निवडता येतो, वर्गाचा प्रतिनिधी निवडता येत नाही. आणखी एक गंमत पाहा. याच कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना १० जागा दिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी मतदान होते. मुंबई विद्यापीठात ते २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. अर्थात तिथेही आयत्या वेळी स्थगिती आली होती आणि उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. पण झाले. म्हणजे कॉलेज सोडून गेलेल्याला विद्यापीठात मत आहे आणि बाकावर बसलेल्याला नाही.

दोष एकट्या आपल्या कारकिर्दीचा नाही, हे मान्य. या काळात राज्यातला जवळपास प्रत्येक प्रमुख पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेला आणि विरोधी बाकांवर असताना निवडणुकांसाठी आग्रही असलेला प्रत्येकजण सत्तेत आल्यावर सबुरीचा सल्ला देऊ लागला. पण आज खाते आपल्याकडे आहे, म्हणून पत्र आपल्याला.

आता मुद्द्याचे. निवडणुका नसल्या तरी नेतृत्वगुण शिकवायचे आम्ही थांबवलेले नाही, असे आपला विभाग म्हणू शकेल, आणि ते खोटे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'जीवन कौशल' अभ्यासक्रम २०१९ पासून आहे. त्यात संवाद, व्यावसायिक कौशल्ये, मानवी मूल्ये यांच्या जोडीला नेतृत्व आणि व्यवस्थापन हा भाग आहे. त्याला दोन क्रेडिट. एका क्रेडिटचे पंधरा तास धरले तर नेतृत्व तीस तासांत उरकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रम, समाजसंपर्क आणि मूल्यशिक्षण यांनाही क्रेडिट दिले. महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत 'विविध संस्कृतींच्या लोकांबरोबर काम करण्याची क्षमता' आणि 'जागतिक नेतृत्व' हे शब्द गुळगुळीत कागदावर छापलेले असतात. प्लेसमेंट सेल मुलांकडून मुलाखतीचे ठरलेले प्रश्न घोटून घेतो : वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना घेऊन काम केल्याचा प्रसंग सांगा, मतभेद कसा मिटवला ते सांगा. मुलगा बिचारा गणपतीची वर्गणी किंवा वार्षिक स्नेहसंमेलनाचा मांडव आठवून काहीतरी जुळवतो. खरा प्रसंग त्याच्याजवळ यायचा कुठून? पोहणे वर्गात फळ्यावर शिकवायचे आणि तलावाला कुलूप ठोकायचे, असा हा कारभार आहे.

या कुलपाने नेमके काय बंद झाले ते पाहायचे असेल तर विद्यापीठांच्या नकाशाकडे पाहावे. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत मुंबई आणि ठाण्याबरोबर पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. तलासरी-जव्हारकडची वारली घरातली मुलगी, विलेपार्ल्यातला गुजराती मुलगा आणि सावंतवाडीचा मालवणी बोलणारा विद्यार्थी एकाच कुलगुरूंच्या सहीची पदवी घेतात आणि बहुधा आयुष्यात एकमेकांना भेटत नाहीत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात धुळे आणि नंदुरबारही आहेत. तिथे अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, सातपुड्यातली पावरी आणि भिली आहे. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले. त्याच्या परिसरात गोंडी आणि माडिया आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, पूर्वेच्या सीमेला छत्तीसगढी आहे आणि फाळणीनंतर वसवलेल्या निर्वासितांच्या गावांत बंगाली आहे. भिन्न भाषांची, चालीरीतींची माणसे एका कामासाठी कशी जोडायची, हे शिकायला महाराष्ट्रातल्या मुलाला परदेशी जाण्याची गरज नाही. त्याला फक्त असे एक कारण हवे की ज्यामुळे अहेरीच्या मुलाला मुलचेऱ्यातल्या बंगाली मुलीकडे जाऊन तिची अडचण विचारावी लागेल. मत मागणे हे असे कारण आहे. मत मागणारा माणूस ज्याच्याशी एरवी बोलला नसता त्याच्या खोलीत जातो, त्याची मेस, त्याची शिष्यवृत्ती, त्याची शेवटची एसटी किती वाजता सुटते हे समजून घेतो आणि त्याच्या भाषेतली निदान चार वाक्ये शिकतो. स्वार्थासाठी का होईना, शिकतो. कार्यशाळेतला विद्यार्थी समोरच्याचे ऐकण्याचा अभिनय करतो. उमेदवाराने तसे केले तर तो पडतो. शिवाय कलम ९९ मध्ये महिला प्रतिनिधी आहे आणि अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्यासाठी फिरते आरक्षण आहे. म्हणजे वेगवेगळ्या घरांतली मुले एका टेबलाभोवती अधिकाराने बसावीत, याची तजवीज कायद्यानेच करून ठेवली आहे. टेबल तेवढे कोणी मांडत नाही.

गुणवंताला प्रतिनिधी नेमण्याची जुनी सोय निरुपद्रवी वाटते, पण तिने शिकवलेला धडा साधा नव्हता. गुणपत्रिकेने मिळालेल्या पदासाठी कोणाचा विश्वास कमवावा लागत नाही, आणि जे पद वर्गाने दिलेले नाही त्याचा हिशेब वर्गाला द्यावा लागत नाही. ज्या मुलाची पहिली भाषा पावरी आहे आणि जो मराठीतून किंवा इंग्रजीतून पेपर लिहिताना अडखळतो तो या शर्यतीत सुरुवातीलाच मागे पडतो. वसतिगृहातल्या पन्नास मुलांची भांडणे तोच सोडवत असला तरी. (हुशार मुलांविषयी आकस नाही. त्यांनाही बिचाऱ्यांना हे पद नको असते.)

आता आक्षेप. पहिला हिंसेचा, आणि तो पोकळ नाही. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैमनस्यातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि ती बंदी ज्या वातावरणात आली त्याची मुळे तिथे आहेत. पण त्याच १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, हेही ध्यानात घ्यावे. देशाने ज्या वर्षी अठराव्या वर्षाच्या मुलावर लोकसभा सोपवली, त्यानंतर पाचच वर्षांत आपण त्याच मुलाला वर्गप्रतिनिधी निवडण्याइतकाही समंजस मानायचे सोडले. निवडणुकीत हिंसा होते म्हणून निवडणूकच बंद हा नियम सार्वत्रिक केला तर या देशात कोणती निवडणूक उरेल, हे सांगायला नको. शिवाय लिंगडोह समितीने नेमका याच भीतीचा विचार केला होता : पदवी विद्यार्थ्यासाठी १७ ते २२ वयाची अट, ७५ टक्के हजेरी, विषय राहिलेला नसावा, गुन्हेगारी नोंद नसावी, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, छापील पोस्टरला बंदी, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे १० दिवसांत. दिल्लीत हे नियम सर्रास मोडले जातात, हा पुढचा प्रश्न. हो, मोडले जातात. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीत भिंती इतक्या रंगवल्या गेल्या की २७ सप्टेंबरला मतदान होऊनही उच्च न्यायालयाने मोजणी रोखली आणि आधी भिंती साफ करा असे बजावले. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. त्या दोन महिन्यांत उमेदवारांना सार्वजनिक मालमत्तेविषयी जे कळले ते तीस तासांच्या अभ्यासक्रमात कळले नसते. नियम मोडणाऱ्यावर कारवाई होते. नियम पाळायची संधीच ज्यांना दिली नाही त्यांच्यावर अविश्वास कशाच्या बळावर दाखवायचा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : निवडणूक मुलांना जोडण्याऐवजी जातीजातींत वाटून टाकेल. ही भीती बाळगणाऱ्यांनी आजची वसतिगृहे, कॉलेजातले कट्टे आणि व्हॉट्सॲपचे गट जरा निरखावेत. वाटणी आधीच झालेली आहे. निवडणूक नसल्यामुळे ती फक्त दिसत नाही. जिथे कोणत्याही एका समाजाचे मत एकट्याने पुरत नाही तिथे उमेदवाराला दुसऱ्याच्या दारात जावेच लागते. जिथे एकाचे पुरते तिथे जात चालेल, हे मी नाकारत नाही. पण जातीच्या जोरावर निवडून आलेला प्रतिनिधी वर्षभरात नळ, वाचनालय आणि शिष्यवृत्ती यांवर उघडा पडतो आणि मुलांना तेही बघायला मिळते. तिसरा आक्षेप पालकांचा : अभ्यास बुडेल, करिअर बुडेल. पवईच्या आयआयटीत विद्यार्थी आपले सरचिटणीस आणि वसतिगृहांच्या समित्या मतदानाने निवडतात, त्यांचे करिअर बुडाल्याची तक्रार कोणी केलेली नाही. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेली मुले तिथे एकमेकांची मते मागतात. केंद्राच्या संस्थेत पवईला जे चालते ते राज्याच्या विद्यापीठात कालिन्याला का चालू नये? अंतर काही फार नाही.

आणि राजकारण हेही करिअरच आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपण स्वतः अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे पूर्णवेळ कार्यकर्ते होतात. मुख्यमंत्री तिथूनच आले. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची जोडी अंबाजोगाईच्या कॉलेजात जमली. राष्ट्रवादी काँग्रेसने महाराष्ट्रातून राज्यसभेवर पाठवलेले देवीप्रसाद त्रिपाठी मूळचे उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरचे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झालेले. विद्यार्थ्यांतून निवडून आलेला नेता आपल्याला परराज्यातून आणता येतो, इथे घडवायची परवानगी मात्र नाही. १५ ऑगस्ट २०२४ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ज्यांच्या घरात राजकारण नाही असे एक लाख तरुण राजकारणात यावेत अशी हाक दिली. ते कोणत्या दाराने येणार? ज्याचे वडील आमदार आहेत त्याला कॉलेजची निवडणूक लागत नाही, तिकीट घरपोच येते. बाकीच्यांसाठी जे एक दार होते ते १९९४ पासून बंद आहे आणि किल्ली आपल्या खिशात आहे.

तेव्हा मागणी एवढीच. लिंगडोह समितीच्या शिफारशीनुसार सत्र सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत मतदान व्हायला हवे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या परिपत्रकात त्याची तारीख छापा. 'लवकरच' नको, 'योग्य वेळी' नको, तारीख हवी. आणि निवडणूक घ्यायचीच नसेल तर तेही चालेल, फक्त ते सरळ करा : कलम ९९ वगळण्याचे दुरुस्ती विधेयक येत्या अधिवेशनात मांडा. विद्यार्थी चळवळीतून आलेले सदस्य दोन्ही सभागृहांत, दोन्ही बाजूंना बसलेले आहेत. विधेयकाच्या बाजूने बोलायला त्यांतले कोण कोण उभे राहते, ते तरी नोंदवले जाईल.

कळावे,
एक पदवीधर मतदार