आक्रमणाचा डंका आणि तयारीची वानवा

क्रिकेटच्या चर्चेत 'आक्रमक' हा शब्द आता प्रशस्तिपत्रासारखा वाटला जातो. फलंदाजाने आडवीतिडवी बॅट फिरवून शतक केले तर तो आक्रमक. तशीच फिरवून तो सातव्या चेंडूवर झेल देऊन परतला, तरीही आक्रमकच. यशाचे श्रेय घ्यायचे आणि अपयशाचा जाब मात्र द्यायचा नाही, अशी सोय ज्या शब्दात आहे, त्याच्याकडे शहाण्या माणसाने संशयानेच पाहावे. माझे भांडण आक्रमणाशी नाही. पूर्वतयारीच्या आळसावर आक्रमणाची शाल पांघरली जाते, तिच्याशी आहे.

ताजे उदाहरण इंग्लंडचे. 2022 साली बेन स्टोक्स कर्णधार आणि ब्रेंडन मॅकलम प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने पहिल्या अकरापैकी दहा कसोट्या जिंकल्या. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला आपल्याविरुद्ध त्यांनी 378 धावांचे लक्ष्य सात गडी राखून गाठले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण हाच संघ 2025च्या नोव्हेंबरात ॲशेससाठी ऑस्ट्रेलियात उतरला, तेव्हा पहिल्या कसोटीपूर्वी तो एकच सराव सामना खेळला. तोही पर्थजवळ लिलॅक हिलच्या मैदानावर आणि आपल्याच दुय्यम संघाशी. म्हणजे घरच्याच मंडळींशी लुटुपुटुची लढाई!

पुढे पर्थला जे घडले ते सर्वांनी पाहिले. पहिल्या डावात 172 धावा करूनही इंग्लंडला 40 धावांची आघाडी मिळाली होती. दुसऱ्या डावात 1 बाद 65 अशी सुस्थिती होती. मग धावफलक 76वर असताना पोप, ब्रूक आणि रूट पाठोपाठ परतले. तेथे चेंडू अधिक उसळतो, म्हणून उंचीवरच्या चेंडूला उभ्या उभ्या ड्राइव्ह मारण्याआधी हाताला त्या उसळीची सवय व्हावी लागते. ती सवय व्याख्यानाने होत नाही. सामन्यात, खऱ्या गोलंदाजाच्या हातून, बाद होण्याच्या भीतीसह व्हावी लागते. दोन्ही डाव मिळून इंग्लंडने सत्तर षटकेही फलंदाजी केली नाही आणि दुसऱ्याच दिवशी सामना संपला.

गंमत अशी, की त्याच खेळपट्टीवर ट्रॅव्हिस हेडने 83 चेंडूंत 123 धावा केल्या. त्यालाही आक्रमणच म्हणतात. पण ती उसळी त्याच्या अंगवळणी पडलेली होती. जो मैदान ओळखतो, त्याचे साहस फळते. जो ओळखत नाही, त्याचा जुगार होतो.

यानंतर तरी डोळे उघडावेत? दुसऱ्या कसोटीला अकरा दिवसांचा अवकाश होता. कॅनबेऱ्यात एक सामनाही ठरलेला होता. त्यात मुख्य फलंदाज उतरले नाहीत. ब्रिस्बेनलाही हार झाली, तेव्हा प्रशिक्षकांनी कारण सांगितले, की तयारी जरा जास्तच झाली! अकरा दिवसांच्या खेळात ॲशेस गेली. मेलबर्नला इंग्लंड दोन दिवसांत जिंकले खरे, पण तोवर वरात निघून गेली होती. मालिका 4–1 अशी संपली.

याच इंग्लंडने 2010–11 साली ऑस्ट्रेलियात 3–1 असा विजय मिळवला होता. त्या वेळी पहिल्या कसोटीपूर्वी पर्थ, ॲडलेड आणि होबार्ट येथे तीन सामने ते खेळले होते. मग ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात 1 बाद 517 अशी धावसंख्या उभी राहिली आणि कुकने नाबाद 235 केल्या. हा निव्वळ योगायोग असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने खुशाल म्हणावे.

आम्हा इंदूरकरांना आक्रमणाचे वावडे आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. तुकोजीराव होळकरांनी ज्यांना या शहरात आणले, त्या सी. के. नायडूंनी 1926 साली मुंबईत एमसीसीविरुद्ध अकरा षटकार मारले होते. आमच्याच मुश्ताक अलींनी 1936 साली मँचेस्टरला 112 धावा करताना विजय मर्चंट यांच्यासह 203 धावांची सलामी दिली. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. पण ही कसोटी जुलैच्या अखेरची होती आणि संघ मे महिन्यापासून त्या भूमीवर सामने खेळत होता. 1932च्या दौऱ्यात तर कसोटी एकच, आणि प्रथम श्रेणीचे सामने 26! मैफिलीतली बेधडक तान रियाजाच्या जोरावर येते, हे ज्याला कळते, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कोणी म्हणेल, 2020 साली आपण दोन सराव सामने खेळूनही ॲडलेडला 36 धावांत गारद झालो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. तयारी म्हणजे विम्याची पावती नव्हे. एखादे सत्र फिरतेच. पण पडल्यावर उठण्याचे बळ तयारीतून येते. त्याच दौऱ्यात सिडनीच्या सराव सामन्यात ऋषभ पंतने 73 चेंडूंत नाबाद 103 केल्या होत्या. महिन्याभराने, 19 जानेवारी 2021 रोजी, ब्रिस्बेनला 328चा पाठलाग करताना तोच नाबाद 89 धावा करून जिंकवून गेला. आणि त्याआधी चेतेश्वर पुजाराने अंगावर चेंडू झेलत 211 चेंडू खेळून 56 धावांचा पाया घातला होता. पाया एकाचा, कळस दुसऱ्याचा.

तेव्हा इंग्लंडला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 2011 साली टाँटनचा एकच सामना खेळून आपण कसोटीला उभे राहिलो आणि 4–0 असे हरलो. 2018 साली एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा सामना आपल्याच विनंतीवरून तीन दिवसांचा झाला. ती मालिका 4–1 अशी गमावली. वेळ नाही, ही सबब खरी नव्हे. वेळ वीस षटकांच्या लीगसाठी काढला जातो. उरलेल्या तुकड्यांत दौरे कोंबले जातात. यजमानही सराव सामन्यात आपले चांगले गोलंदाज उतरवत नाहीत.

नोकरीत असताना नर्मदाकाठच्या एका जिल्ह्यात पूरनियंत्रणाचे काम माझ्याकडे होते. कागदोपत्री सर्व नावा सज्ज होत्या. मे महिन्यात एक नाव पाण्यात सोडून पाहिली, तर घटकाभरात तिच्या बुडाशी पाणी भरले. मेमध्ये गळाली म्हणून ऑगस्टमध्ये कोणी बुडाले नाही. सराव सामन्याचा उपयोग एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. चार किंवा अधिक कसोट्यांचा दौरा असेल, तर त्याआधी यजमानांच्या सशक्त संघांविरुद्ध किमान दोन पूर्ण लांबीचे सामने करारातच लिहावेत आणि कसोटीत उतरणाऱ्यांनीच ते खेळावेत. त्यासाठी लीगचे दिवस कमी करावे लागले, तर करावेत. हे मान्य नसेल, तर आक्रमणाचा डंका पिटणे तरी थांबवावे. शत्रूचा मुलूख न पाहता केलेल्या चढाईला आपल्या भाषेत शौर्य म्हणत नाहीत. तिला बेफिकिरी म्हणतात.