१०१ सामने जिंकलेली पोरं यंदाही जिंकतील का?



येत्या गुरुवारी, २८ मार्चला, बाल्टिमोर ओरिओल्सचा २०२४ चा मोसम सुरू होतोय. घरच्या मैदानावर, कॅमडेन यार्ड्सवर, लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध. तुम्ही म्हणाल, दुकानदारी शिकवणाऱ्या माणसाने हे बेसबॉल कुठून काढलं? अहो, मलाही काही वर्षांपूर्वी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नवी, स्वस्त, तरुण माणसं घेऊन धंदा उभा करायचा विचार तुमच्यापैकी जो कोणी करतोय, त्याने ही टीम बघायलाच हवी. बॅट-बॉलचं राहू द्या, माणसं आणि पैसा कसा लावलाय ते बघा.

आधी थोडा मागचा हिशोब. २०१८ मध्ये ही टीम १६२ पैकी ११५ सामने हरली. आयपीएलमध्ये एका टीमच्या वाट्याला १४ साखळी सामने येतात, म्हणजे हे केवढं हरणं असेल याचा अंदाज करा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये माइक एलायस हा नवा जनरल मॅनेजर आला. त्याने काय केलं, तर जिंकायचा प्रयत्नच जवळपास थांबवला. महागडे खेळाडू सोडले आणि पैसा तरुण पोरं शोधण्यात, त्यांना घडवण्यात घातला. अमेरिकेत लिलाव नसतो, 'ड्राफ्ट' असतो, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे जो सगळ्यात खाली, त्याला नव्या पोरांमधून पहिली निवड मिळायची. २०१९ मध्ये पहिल्या नंबरवर ॲडली रचमन हा कॅचर घेतला, त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत गनर हेंडरसन. २०२१ मध्ये टीम सलग १९ सामने हरली, वर्षाअखेर ११० पराभव. पण २०२२ मध्ये रचमन आला आणि ८३ विजय झाले. २०२३ मध्ये थेट १०१.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलतोच. मुद्दाम हरत राहणं टीमला परवडलं, कारण लीगचा पैसा ठरलेला असतो, टीव्हीचे हक्क असतात. तिकीट काढून येणाऱ्या माणसाने मात्र ती वर्षं फुकट घालवली. तुम्ही-आम्ही "तीन वर्षं थांबा, मग चांगला माल देतो" असं गिऱ्हाईकाला सांगू शकतो का? पलीकडच्या गल्लीत जाईल तो. त्यामुळे एलायसची ही अर्धी गोष्ट उचलू नका.

आता यंदाचं बोलू. सगळे म्हणतात, १०१ जिंकले, पोरं आता आणखी पिकली, म्हणजे यंदा १०५. मला ते पटत नाही.

गेल्या वर्षी ओरिओल्सनी ८०७ धावा केल्या आणि ६७८ दिल्या. बिल जेम्स नावाच्या माणसाने फार पूर्वी एक सूत्र काढलंय, त्यात केलेल्या आणि दिलेल्या धावा घातल्या की किती सामने जिंकायला हवे होते ते कळतं. ते उत्तर येतं साधारण ९४. मग वरचे सात कुठून आले? एका धावेने निकाल लागलेले ४६ सामने झाले, त्यातले ३० यांनी जिंकले. असं दरवर्षी होत नाही. यात पोरांची मेहनत नव्हती असं नाही, पण त्यात दिवाळीचा सीझनही होता. दिवाळीच्या गल्ल्यावर वर्षाचं भाडं ठरवणारा दुकानदार तुम्ही पाहिला असेल. मी तर एकेकाळी तोच होतो.

दुसरं म्हणजे, ते अटीतटीचे सामने संपवून देणारा माणूसच यंदा नाही. फेलिक्स बाउटिस्टाने गेल्या वर्षी ३३ सामने शेवटी येऊन राखले. त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय, २०२४ चं पूर्ण वर्ष तो बाहेर. त्याच्या जागी क्रेग किंब्रेल आणलाय, वय ३५, नावावर ४१७ सेव्ह, एका वर्षाचे १ कोटी ३० लाख डॉलर. नाव मोठं आहे. पण गेल्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना ॲरिझोनाविरुद्ध लागोपाठ दोन सामने त्याच्या हातातून निसटले, हे कसं विसरायचं? त्यात गेल्या वर्षीचा सगळ्यात भरवशाचा पिचर काइल ब्रॅडिश कोपराच्या दुखण्याने सुरुवातीला नाही, जॉन मीन्सही मागे पडलाय.

मग टीम वाईट आहे का? मुळीच नाही. हेंडरसन अजून २२ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तोही एकमताने. रचमन २६ चा. पिचर ग्रेसन रॉड्रिगेझ २४ चा. आणि पगाराचं गणित बघा. टीममध्ये नवा आलेला खेळाडू पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळतो. यंदाचा किमान पगार ७ लाख ४० हजार डॉलर. आपल्याला तो डोळे पांढरे करणारा आकडा वाटतो, पण एकट्या किंब्रेलच्या पैशात अशी सतरा पोरं येतात. त्या बाजारात ही पोरं स्वस्त आहेत आणि तोवरच टीमच्या हातात पैसा खेळतो. पुढे पगार चढणार. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, जास्त देईल त्याच्याकडे जाणार. म्हणजे ही खिडकी कायम उघडी राहणारी नाही.

म्हणूनच फेब्रुवारीत कॉर्बिन बर्न्सला आणलं ते मला फार आवडलं. २०२१ मध्ये नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार मिळवलेला पिचर. त्याच्यासाठी मिलवॉकीला जोई ओर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधली एक निवड दिली. बर्न्सचा करार याच वर्षापुरता उरलाय, पुढच्या वर्षी तो असेल याची काही खात्री नाही. बरेच जण म्हणाले, एका वर्षासाठी दोन तयार पोरं? मी म्हणतो, योग्य केलं. गेल्या ऑक्टोबरमध्ये काय झालं आठवा. अख्ख्या नियमित मोसमात एकाही मालिकेत सगळे सामने न हरलेली ही टीम प्लेऑफमध्ये टेक्सास रेंजर्सकडून ३-० ने गेली. पोरांमध्ये ताकद होती, पण मोठ्या दिवशी पहिला चेंडू ज्याच्या हातात द्यावा असा माणूस नव्हता.

हे मी दुकानात भोगलंय. एका वर्षी काउंटरला पाचही पोरं विशीतली ठेवली होती. चटपटीत, मोबाइलवर हुशार, पगार कमी. विक्री वाढली, मी खूश. मग एक जुना काँट्रॅक्टर वायरचं बंडल परत करायला आला, पोराने बिल नाही म्हणून वाद घातला. पोरगं नियमाने बरोबर होतं. काँट्रॅक्टर मात्र परत आला नाही, आणि वर्षाला त्याचा माल किती होता ते मला मार्चच्या हिशोबात दिसलं. त्यानंतर दुप्पट पगारावर एक पन्नाशीचे काका ठेवले. पोरं अजूनही आहेत, तीच आहेत. आता अडलं की काकांकडे बघतात.

एलायसलाही हे नवं नाही. तो ह्यूस्टन ॲस्ट्रोजमधून आलाय. तिथे २०१३ मध्ये १११ पराभव, २०१५ मध्ये ८६ विजय, सगळे म्हणाले आता सुटले, आणि २०१६ मध्ये ८४ वर घसरून प्लेऑफच हुकलं. २०१७ मध्ये जिंकले, त्याआधी ऑगस्टच्या शेवटी अनुभवी जस्टिन व्हर्लँडरला आणलं होतं. (त्या विजयावर पुढे खुणा चोरल्याचा डाग लागला, ते वेगळं.)

जॅक्सन हॉलिडेला सध्या खालच्या टीममध्ये, नॉरफोकला, पाठवलंय, त्यावर लोक चिडलेत. २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, वय २०. पैसे वाचवायला हे केलं, असं म्हणतात. थोडं असेलही. पण पोरगं शॉर्टस्टॉपचं, तिथे हेंडरसन उभा आहे, याला सेकंड बेस शिकायचाय. महिनाभर गोडाऊनमध्ये माल ओळखायला लावला म्हणजे अन्याय झाला असं मी तरी मानत नाही. हां, जूनपर्यंत तिथेच ठेवला तर मीही ओरडेन.

समोर यांकीजकडे हुआन सोटो आलाय, टॅम्पा बे गेल्या वर्षी ९९ जिंकलेली आहे. सगळं धरून माझा आकडा ९२. प्लेऑफ नक्की, गटात पहिला नंबर मात्र नाही. ब्रॅडिश मे महिन्यात धडधाकट परतला तर दोन-तीन वाढवा, किंब्रेलने एप्रिलमध्येच चार सामने घालवले तर तेवढेच कापा. गुरुवारी चेंडू बर्न्सच्या हातात असेल, तेव्हा आपल्याकडे रात्र असेल. मी दुकान बंद करून, गल्ला मोजून बसणार आहे. आकडा चुकला तर ऑक्टोबरमध्ये धरा मला.